वर्गात प्रश्न विचारताय? मग या चुका टाळा

“समजलं का?” असं विचारलं की सोलापुरातल्या कुठल्याही वर्गातून एका सुरात उत्तर येतं, “होऽऽ बाई!” ‘हो’ म्हटलं की सुटका होते, हे मुलांना पहिलीपासून ठाऊक असतं. त्यापेक्षा “काल न आलेल्या मैत्रिणीला हे तू कसं सांगशील?” असं विचारून बघा. कुठं अडलंय ते दोन वाक्यांत कळतं.

पण सगळ्यात नडणारी चूक म्हणजे प्रश्न विचारून लगेच आपणच उत्तर देऊन टाकणं. अमेरिकेतल्या विज्ञान-शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात वर्गातल्या संवादांच्या ध्वनिफिती तपासल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंदच थांबतात, असं त्यांना आढळलं. तोच वेळ 3 सेकंदांच्या पुढं नेला, तर मुलं लांब आणि कारणासहित उत्तरं देऊ लागली, गप्प राहणारी मुलंही बोलू लागली. मुलाचं उत्तर संपल्यावरही असंच थांबायचं असतं, आणि ते जास्त अवघड. आपल्या तोंडून “छान!” निघालं की बाकीच्यांचा विचार तिथंच थांबतो.

सातवीच्या एका तुकडीत मी विचारलं होतं, “ओलाव्यामुळं बुरशी येते, हो की नाही?” सगळे “हो” म्हणाले आणि विषय संपला. उत्तर मीच प्रश्नात घालून दिलं होतं. दुसऱ्या तुकडीत मी टेबलावर एक कडक भाकरी आणि एक आदल्या दिवशीची मऊ भाकरी ठेवली. “दोन्ही ज्वारीच्याच. ही महिनाभर टिकते, ही दोन दिवसांत खराब होते. का?” आणि बोलायचा मोह होऊ नये म्हणून फळ्याकडं तोंड करून मनात आकडे मोजत राहिले. मागून एक मुलगी म्हणाली, “कडक भाकरीत मीठ असतं म्हणून.” “चूक, दुसरं कोण सांगेल?” हे अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून विचारलं, “हे तपासायचं कसं?” मग काय, मिठाची मऊ भाकरी, बिनमिठाची मऊ भाकरी, पाणी शिंपडलेली कडक भाकरी आणि कोरडी कडक भाकरी असे चार डबे वर्गात आले. चौथ्या दिवशी कोरडी तेवढी कुरकुरीत होती, बाकी तिन्हींवर बुरशी. “बाई, मीठ नाही, पाणी!” हे त्या मुलीनंच ओरडून सांगितलं.

काही चुका चटकन सुधारता येतात. आधी नाव घेऊन मग प्रश्न विचारला की बाकीचे निवांत होतात. म्हणून प्रश्न आधी, थांबणं मग, नाव शेवटी. एका दमात तीन प्रश्न नकोत. हात वर करणाऱ्या त्याच चौघांवर तास चालत असेल तर नावांच्या चिठ्ठ्या काढा.

आपल्याकडची एक चूक मात्र पुस्तकात सापडत नाही. सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या कितीतरी मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडं कन्नड. आपण मराठीत विचारतो, मूल घरच्या भाषेत विचार करतं, परत मराठीत शब्द जुळवतं. तेवढ्यात आपण “याला येत नाही” असं ठरवून पुढं गेलेलो असतो. अशा वेळी मिनिटभर बाकावरच्या जोडीदाराशी हव्या त्या भाषेत बोलू द्या, मग मराठीत सांगू दे. वर्गात तेलुगू ऐकू आलं म्हणून दटावणं मला तर अन्यायच वाटतो.

थांबूनही वर्ग गप्पच राहिला तर? बहुतेक वेळा प्रश्न फार मोठा असतो. “उजनी धरण कोणत्या नदीवर?” याला “भीमा” म्हणून मुलं मोकळी होतात. “धरण असूनही नळाला रोज पाणी का येत नाही?” म्हटलं की गोंधळतात. मधली पायरी द्या: “उजनीपासून तुमच्या घरातल्या हंड्यापर्यंत पाणी कसं येतं, वहीत काढा.” चित्र काढता काढता पंप, जलवाहिनी, टाकी आणि गळती सगळं बाहेर येतं.

“पण अभ्यासक्रम कसा संपणार?” असं सहकारी विचारतात. तासाला दहा प्रश्न, प्रत्येकी 5 सेकंद. हिशेब 50 सेकंदांचा आहे. उद्याचा एक तास मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि घरी ऐकताना प्रत्येक प्रश्नानंतर आपण किती थांबलो तेवढंच मोजा.