पत्रा कापण्याआधी

जुन्या गाडीचा बॅटरी ट्रे गंजून त्याची चाळण झाली की हात आधी ग्राइंडरकडे जातो. जरा थांबा. नवा ट्रे कसा हवा, हे सांगणारी दुसरी वस्तू तुमच्याकडे नाही. बोल्टची भोकं नेमकी कुठे, कड किती उंच, पाणी जायची वाट कोणत्या कोपऱ्यात, हे सगळं त्या गंजक्या तुकड्यातच दिसतं. म्हणून भाग गाडीवर असतानाच शेजारी पट्टी धरून सगळ्या बाजूंनी फोटो काढा. मापं घ्या ती गाडीवरच्या शाबूत बोल्टपासून किंवा शिवणीपासून. गंजलेली कड मूळची किती होती हे कुणाला ठाऊक? आणि काढलेला भाग नवा बसेपर्यंत टाकू नका, अगदी घरच्यांची बोलणी खावी लागली तरी.

काय घरी करायचं नाही, हेही आधीच ठरवा. स्टीअरिंगचे आर्म, ब्रेकचे भाग, सस्पेन्शन आणि सीटबेल्ट जिथे अडकतो ती जागा, यांना मी घरी हात लावत नाही. ट्रे, ब्रॅकेट, फ्लोअरचे ठिगळ, मडगार्डची खालची कड, एवढं खुशाल करा.

मग फर्मा, म्हणजे भागाचा पुठ्ठ्याचा नमुना. जाड पुठ्ठा, कात्री, चिकटपट्टी. पुठ्ठा जागेवर बसवायचा, अडेल तिथे कापायचा, कमी पडेल तिथे तुकडा जोडायचा आणि जिथे घडी पडते तिथेच पत्राही वाकणार हे लक्षात ठेवायचं. फर्म्यावर ‘वर’, ‘बाहेर’ आणि ‘डावा’ किंवा ‘उजवा’ असं ठळक लिहा. मी एकदा हे लिहायचं विसरलो आणि दोन सुंदर ब्रॅकेट तयार केले. दोन्ही डाव्या बाजूचे.

आता पत्रा. जुन्या गाड्यांच्या बॉडीचा पत्रा साधारण ०.८ ते १.२ मिमी जाडीचा असतो, पण अंदाजावर जाऊ नका. चांगल्या जागी रंग खरवडून कडेला व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावा. नवा तुकडा जिथे जोडायचा त्याशेजारी चुंबकही फिरवून बघा. तो जिथे धरत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली असण्याचा संभव फार, आणि लांबीला वेल्डिंग होत नाही. बॉडीसाठी साधा कोल्ड रोल्ड (थंड अवस्थेत लाटलेला) पत्रा सर्वांत बरा. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा गंजायला चिवट, पण वेल्डिंगच्या उष्णतेने जस्त उकळून धूर होतो आणि तो छातीत गेला तर काही तासांनी थंडीताप भरतो. वापरायचाच असेल तर जोडाजवळचा मुलामा घासून काढा आणि हवा खेळती ठेवा.

बहुतेकांचं माप चुकतं ते वाकवताना. पत्रा वाकला की बाहेरची बाजू ताणली जाते, त्यामुळे बाहेरून घेतलेल्या मापांची नुसती बेरीज करून कापला तर भाग मोठा होतो. किती वजा करायचं हे तुमच्याच पत्र्यावरून काढा. बरोबर १०० मिमीची पट्टी कापा, मधोमध काटकोनात वाकवा, दोन्ही बाजू बाहेरून मोजा. समजा ५२ आणि ५१.५ भरल्या. बेरीज १०३.५, म्हणजे प्रत्येक काटकोनाला साडेतीन मिमी वजा. बाहेरून ३०, ५० आणि ३० असा यू ब्रॅकेट हवा असेल तर ११० नाही, दोन काटकोनांचे सात वजा करून १०३ मिमी कापायचे. २ मिमीच्या पत्र्याला वाकाची आतली गोलाई जाडीइतकी ठेवली तर साधारण एवढंच येतं. मात्र पत्रा, जाडी किंवा वाकवायची पद्धत बदलली की पट्टी पुन्हा वाकवा. हा आकडा मी भिंतीवर खडूने लिहून ठेवतो.

अवजारांचं फार लांबवत नाही. रेघ मारायला टोकदार आरी, काटकोन्या, सेंटर पंच, पत्र्याची कात्री, व्हाइसच्या जबड्यात धरायला अँगलचे दोन तुकडे, कानस आणि जमतील तितके क्लॅम्प. कापलेल्या प्रत्येक कडेवरून कानस फिरवा. बोट कापलं की आठवण होतेच, पण तोवर उशीर झालेला असतो.

सिल, म्हणजे दाराखालची पत्र्याची पोकळ पट्टी, कापायचा असेल तर आधी दाराच्या चौकटीत आडवा-तिरपा पाइप वेल्डिंगच्या टाक्यांनी तात्पुरता जोडा आणि दाराच्या फटी लिहून ठेवा. सिल निघाला की बॉडी खचते आणि मग दार लागत नाही.

वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडवून बाजूला ठेवा, इंधनाच्या नळ्या दूर करा, जोडामागचं अस्तर, फोम आणि वायरिंग काढा. पेट्रोलच्या टाकीला, रिकामी असली तरी, वेल्डिंगची आर्क (ज्योत) दाखवू नका. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या जागी तर मुळीच नाही, त्यातून फॉस्जीनसारखा विषारी वायू होऊ शकतो. बादलीभर पाणी आणि अग्निशामक हाताशी हवंच. काम संपल्यावर निदान अर्धा तास गाडीपाशीच थांबा, कारण ठिणगी आत धुमसत राहते.

पातळ पत्र्याला ०.६ मिमीची मिग वायर (मिग वेल्डिंग यंत्रातून येणारी तार) आणि उरलेल्या तुकड्यांवर आधी सराव. सलग रेघ ओढली तर पत्रा लाटेसारखा वाकतो. म्हणून एक टाका इथे, दुसरा समोरच्या टोकाला, मग मधे, आणि हात लावण्याइतकं गार झाल्यावर पुढचा.

रंग, सीलर आणि पोकळीत मारायचं मेण आधीच आणून ठेवा, घासून उघडा पडलेला पत्रा दमट हवेत रात्रीतही तांबूस होतो. आणि ट्रेला रंग देण्याआधी जुना तुकडा त्यावर ठेवून बघा. पाणी जायचं भोक पाडायचं राहून गेलेलं असतं.