ह्यूगो वापरून मराठी संकेतस्थळ कसे तयार करावे

संस्थेची माहिती, लेखसंग्रह किंवा गावाचा इतिहास अशा क्वचितच बदलणाऱ्या मजकुरासाठी डेटाबेस सांभाळत बसण्याची गरज नसते. ह्यूगो हा स्टॅटिक साइट जनरेटर साध्या मजकुराच्या फाइलींपासून एचटीएमएल पाने आधीच तयार करून ठेवतो आणि सर्व्हरला ती केवळ वाचकापर्यंत पोहोचवायची असतात. ह्यूगो मोफत असून विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतो. अनेक थीमना (संकेतस्थळाच्या रंगरूपाच्या तयार साच्यांना) त्याची ‘एक्स्टेंडेड’ आवृत्ती लागते, म्हणून तीच उतरवून घ्यावी.

टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, ‘ह्यूगो न्यू साइट’ लिहून पुढे फोल्डरचे नाव द्यावे (आज्ञा अर्थातच रोमन लिपीत टाइप कराव्यात). ह्यूगोच्या पायाभूत सांगाड्यात तयार थीम नसते. ती निवडून ‘थीम्स’ फोल्डरमध्ये ठेवावी. त्यानंतर सेटिंग्जच्या फाइलीत थीमचे नाव, संकेतस्थळाचे शीर्षक, भाषेचा संकेत ‘एमआर’ आणि पूर्ण पत्ता नोंदवावा. पत्ता चुकल्यास घरच्या संगणकावर नीट दिसणारी पाने प्रकाशित झाल्यावर अनेकदा रंगरूपाविना उघडतात.

लेख ‘कंटेंट’ फोल्डरमध्ये मार्कडाउन (साध्या चिन्हांनी शीर्षके, ठळक अक्षरे इत्यादी दाखवण्याच्या) पद्धतीने लिहावेत आणि फाइली यूटीएफ-८ या देवनागरीही सामावणाऱ्या अक्षरसंकेतनात जतन कराव्यात. मराठी संकेतस्थळासाठी खरा विचार करावा लागतो तो पानांच्या पत्त्यांचा. फाइलीला देवनागरी नाव दिले तरी ह्यूगो ते स्वीकारतो. मात्र असा पत्ता कॉपी केल्यावर बहुधा टक्केचिन्हांच्या लांबलचक साखळीत बदलतो आणि ‘पाककृती’ एवढा एक शब्दसुद्धा ६३ चिन्हांचा होतो. त्यामुळे शीर्षक मराठीतच ठेवून फ्रंट मॅटरमधील (फाइलीच्या सुरुवातीच्या माहितीच्या भागातील) ‘स्लग’ या नोंदीत छोटा रोमन पत्ता द्यावा, हे मला अधिक सोयीचे वाटते. देवनागरी पत्तेच हवे असतील, तर पत्त्यातील स्वरचिन्हे काढणारा पर्याय मुळात बंद असतो, तो बंदच राहू द्यावा. अन्यथा उकार, मात्रा आणि हलन्तही गळून पडतील. अक्षरांसाठी मुंबईच्या एक टाइपने घडवलेला ‘मुक्त’ हा मोफत फॉन्ट चांगला आहे, परंतु थीममधील ओळींची उंची थोडी वाढवावी, कारण रोमन लिपीसाठी बेतलेल्या अंतरात वेलांट्या आणि रफार दाटीवाटीने बसतात.

‘ह्यूगो सर्व्हर’ ही आज्ञा दिल्यावर ब्राउझरमध्ये लोकलहोस्टच्या (म्हणजे आपल्याच संगणकाच्या) १३१३ या पोर्टवर संकेतस्थळ दिसते आणि फाइल जतन करताच पान बदलते. लेख दिसत नसेल, तर त्याच्या फ्रंट मॅटरमध्ये ‘ड्राफ्ट’ (मसुदा) या नोंदीपुढे ‘ट्रू’ आहे का किंवा तारीख भविष्यातील आहे का, हे आधी तपासावे.

शेवटी नुसते ‘ह्यूगो’ लिहून एंटर दाबल्यास ‘पब्लिक’ फोल्डरमध्ये पूर्ण संकेतस्थळ तयार होते. ह्यूगो या फोल्डरमधील जुनी पाने आपणहून पुसत नाही, म्हणून प्रत्येक बांधणीपूर्वी तो रिकामा करावा, नाहीतर काढून टाकलेला लेखही वाचकांना दिसत राहील. त्यातील फाइली कोणत्याही साध्या होस्टिंगवर चढवता येतात. गिटहब पेजेस या मोफत होस्टिंग सेवेवर प्रकाशित संकेतस्थळाला १ जीबीची मर्यादा असल्याने छायाचित्रे आधी लहान करून घ्यावीत.