गाठ दुखत नाही म्हणून ‘मार्च एंडिंगनंतर बघू’? या चुका टाळा

स्तनाच्या कर्करोगाच्या जनजागृतीचा महिना, म्हणजे ऑक्टोबर, आला की ऑफिसात गुलाबी फुगे लागतात, एखाद्या डॉक्टरांचं तासाभराचं भाषण होतं, ग्रुप फोटो निघतो. तेव्हा नोकरी करणाऱ्या बायकांना स्तनाच्या कर्करोगाची माहितीच नाही, असं आता म्हणवत नाही. घोडं अडतं ते तपासणीच्या तारखेवर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी स्तनांची तपासणी कधीतरी करून घेतलेल्या निघाल्या ०.९ टक्के. शंभरात एकसुद्धा नाही.

दुखत नाही, मग कशाला?

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. पाळीच्या आधी दोन्ही बाजूंना होणारी ठसठस बहुधा हार्मोनची असते, पण आपण घाबरतो तिला आणि हाताला लागणारी कडक, मुकी गाठ दिवाळीवर ढकलतो. गाठच असायला हवी असंही नाही. त्वचेला खळगा पडणं, स्तनाग्र नव्यानं आत ओढलं जाणं, त्यातून रक्ताळ स्राव येणं, काखेत गोळा लागणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या मुलींचे तर ‘दुधाची गाठ असेल’ म्हणण्यात महिने जातात. दोन आठवड्यांत विरली नाही, तर सोनोग्राफी करून घ्यावी. अंगावर पाजत असतानाही ती करता येते.

पॅकेजमध्ये सगळं आलं असं धरून चालणं

कंपनीच्या ‘फुल बॉडी चेकअप’ची यादी एकदा नीट वाचा. साखर, थायरॉइड, कोलेस्टेरॉल, ईसीजी, पोटाची सोनोग्राफी, छातीचा एक्स-रे. हा एक्स-रे फुप्फुसांसाठी असतो. स्तनातली गाठ शोधायला त्याचा उपयोग नाही. मॅमोग्राफी, म्हणजे स्तन यंत्रात दाबून काढलेला खास एक्स-रे, बऱ्याचदा यादीत नसतेच, किंवा ‘जादा पैसे भरून’ या रकान्यात असते. चाळिशी ओलांडली असेल तर एचआरला सरळ विचारा. सीए १५-३ ही रक्तचाचणी मुख्यतः आजार झालेल्या रुग्णांवर लक्ष ठेवायला वापरतात; ती नॉर्मल आली म्हणून निर्धास्त होऊ नका. ‘दाबणं नाही, दुखणं नाही’ अशी जाहिरात असलेली थर्मोग्राफी, म्हणजे स्तनांच्या उष्णतेचं चित्र काढणं, हीही मॅमोग्राफीच्या जागी चालत नाही.

मॅमोग्राफी नॉर्मल आली, विषय संपला

इथे शिकलेल्या बायकाही फसतात. काही त्रास नसताना करतात ती चाळणी तपासणी. गाठ हाताला लागल्यावर करायचं ते निदान, आणि त्याला एकटी मॅमोग्राफी पुरत नाही. तरुण वयात स्तनातल्या ग्रंथी दाट असतात. त्या फिल्मवर पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच, त्यामुळे ती लपून जाते. म्हणून गाठ असेल तर डॉक्टरांनी हातानं तपासणं, मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी, आणि गरज पडली तर सुईची बायोप्सी (गाठीतला बारीक तुकडा काढून तपासणं), असा तिन्हींचा मेळ बसवावा लागतो.

सुई टोचली की कॅन्सर पसरतो, हे घराघरांत ऐकू येतं. ते खरं नाही. उलट बायोप्सी न करताच ‘गाठ काढून टाकू, मग तपासायला पाठवू’ असं कुणी सांगितलं, तर थांबा आणि दुसरं मत घ्या. कर्करोग निघालाच तर आधीच्या घाईच्या कापाकापीमुळे पुढची शस्त्रक्रिया अवघड होऊ शकते.

मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफीच्या रिपोर्टच्या शेवटी ‘बाय-रॅड्स’चा, म्हणजे कर्करोगाचा संशय किती हे सांगणारा आकडा असतो. शून्य म्हणजे ‘काही नाही’ असा अर्थ नाही. तपासणी अपुरी आहे, आणखी बघायला हवं, असा आहे. तीन असेल तर साधारण सहा महिन्यांनी पुन्हा या. चार किंवा पाच असेल तर बायोप्सी. रिपोर्ट मेलवर येतो आणि मीटिंगच्या निमंत्रणांखाली गाडला जातो, तेवढं होऊ देऊ नका.

मॅमोग्राफीची अपॉइंटमेंट पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात घ्या, तेव्हा दाबल्यावर कमी दुखतं. दाब काही सेकंदांचाच असतो. त्या दिवशी काखेत डिओ किंवा पावडर नको, त्यांचे कण फिल्मवर ठिपके होऊन उमटू शकतात.

मशीन परवडत नाही म्हणून काहीच न करणं

मुंबईच्या टाटा मेमोरियलनं १९९८ मध्ये वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांना घेऊन एक मोठा अभ्यास सुरू केला. निम्म्या बायकांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानं तपासत. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले: गाठी आधीच्या टप्प्यात सापडल्या आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या आजाराचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. तरी शिकलेल्या हाताला कमी लेखू नये. सरकारी कार्यक्रमात तिशीपासून ही तपासणी आहे. जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा. ऑफिसात साफसफाई करणाऱ्या मावशींनाही सांगा, गुलाबी फुग्यांच्या भाषणाला त्यांना सहसा कुणी बोलावत नाही.

आमच्या घरात कुणाला नाही

बहुतेक रुग्णांच्या घरात कुणालाच नसतो. आई किंवा बहिणीला झाला असेल, तर मात्र चाळिशीची वाट न बघता तपासणी कधीपासून सुरू करायची ते डॉक्टरांना विचारा.

नोकरी जाईल म्हणून लपवणं

पगारातून ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) वर्गणी कापली जात असेल, तर कर्करोगासारख्या दीर्घ आजारात पगाराच्या ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळण्याची तरतूद आहे. त्यासाठी आधी ठरावीक काळ वर्गणी भरलेली असावी लागते. महाराष्ट्रात महात्मा फुले जनआरोग्य योजनेतही कर्करोगाचे उपचार येतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटा, आणि ही भेट उपचार सुरू होण्याआधीच घ्या.