मुंग्या घालवताना या चुका टाळा

आमचं गाव दारव्ह्याजवळ, सगळी काळी जमीन. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या थेट घराच्या जोत्यापर्यंत येतात. बाहेर थेंबभर ओल नसते, मग मुंग्या त्याच भेगांतून आत येऊन माठाच्या तिवईखाली गोळा होतात. पावसाळ्यात उलटं होतं. वारुळात पाणी शिरतं आणि तोंडात पांढरं काही धरून त्यांची रांग भिंतीवर चढते. आपण त्याला अंडी म्हणतो, पण त्यात अळ्या आणि कोशच जास्त असतात. म्हणून मारायच्या आधी मुंगी कशासाठी आली ते बघा. उन्हाळ्यात माठाखालची जागा कोरडी ठेवली तरी निम्मं काम होतं.

दिसली की स्प्रे

माझा भाचा मस्कतला नोकरीला आहे. त्याचा एकदा फोन आला, "मावशी, बारीक पिवळ्या मुंग्या झाल्या इथं. जितका स्प्रे मारतो तितक्या वाढून राहिल्या. आधी ओट्याजवळच होत्या, आता न्हाणीतही आहेत."

त्याचं निरीक्षण बरोबर होतं. या बारीक पिवळ्या मुंगीला फेरो मुंगी म्हणतात, ती आपल्याकडेही आहे. तिच्या एका घरट्यात अनेक राण्या असतात. स्प्रेचा त्रास झाला की काही राण्या, कामकरी मुंग्या आणि पिल्लं वेगळी निघून दुसरीकडे बिऱ्हाड थाटतात. एका घरट्याची तीन घरटी होतात. दुसऱ्या जातींतही दिसणाऱ्या रांगेवर फवारून फारसं साधत नाही, कारण अंडी घालणारी राणी आतच असते.

तिला मारायचं तर विष तिच्यापर्यंत मुंग्यांनीच न्यायला हवं. कामकरी मुंगी गोड पाणी पोटातल्या पिशवीत साठवते आणि घरट्यात तोंडाला तोंड लावून इतरांना पाजते. एक कप पाण्यात चार मोठे चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा बोरिक पावडर विरघळवा. मेडिकलमध्ये मिळते ती, कॅरमवर टाकायचे तीच. कापसाचा बोळा त्यात भिजवून बाटलीच्या झाकणात ठेवा.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे लवकर मराव्यात म्हणून पावडर वाढवणं. मग मुंगी वाटेतच मरते आणि घरट्यात काहीच पोचत नाही. पहिल्या दिवशी बोळ्याभोवती काळं कडं होईल इतकी गर्दी जमते. ती बघून घाबरू नका, झाडूही लावू नका. आठ-पंधरा दिवस पाणी ताजं करत राहा. साखरेकडे ढुंकून बघत नसतील, तर शेंगदाण्याच्या कुटात चिमूटभर पावडर मिसळून बघा. त्यांची आवड बदलत असते. हे झाकण भोकं पाडलेल्या बंद डब्यात ठेवा, कारण लेकरांच्या पोटात गेलं तर बोरिकही विषच आहे.

रांग पुसण्याची घाई

भिंतीवरच्या रांगेवरून एकदा ओलं बोट आडवं फिरवून बघा. दोन्हीकडच्या मुंग्या त्या रेघेशी थबकतात, मिशा हलवत मागे-पुढे करतात. वासाची वाट तुटलेली असते. साबणाच्या पाण्याने पुसलं की ती वाट जाते, नुसत्या झाडूने जात नाही. पण बोरिक ठेवलं असेल तेव्हा ही वाट मोडू नका. गर्दी ओसरली की मग स्वच्छ पुसा. हळदीच्या रेघेने मुंगी थोडा वेळ अडते, नंतर दुसरीकडून येते. चुलीच्या घरात रॉकेल शिंपडणं तर सरळ आगीला बोलावणं आहे.

शेतातलं औषध घरात

हे मी कळकळीने सांगते. कपाशीच्या फवारणीतलं उरलेलं औषध कोपऱ्यात शिंपडणारी, ज्वारीच्या कोठीखाली फोरेटचे दाणे टाकणारी घरं मी पाहिली आहेत. त्याच जमिनीवर पोर रांगतं, कोंबड्या टिपतात, आपण पाट मांडून जेवतो. शेतात ऊन-पावसाने विषाचा जोर उतरतो, घरात तो कितीतरी जास्त दिवस राहतो. २०१७ च्या हंगामात आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, आणि ते मोकळ्या रानात फवारत होते. फोरेट आणि डायक्लोरव्हॉस या कीटकनाशकांवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. जुनी बाटली अजून कवेलूखाली खोचलेली असेल तर आजच घराबाहेर काढा. कोणाच्या पोटात गेलंच तर मीठ-पाणी पाजून ओकारी काढू नका. बाटली सोबत घेऊन तडक दवाखाना गाठा.

वाटीतलं पाणी

जाळीच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतात, ते चांगलंच. पण चार दिवसांत पाण्यावर धुळीची साय धरते आणि मुंगी तिच्यावरून चालत पलीकडे जाते. पाण्यात साबणाचे दोन थेंब टाका, म्हणजे ती बुडते. दर आठवड्याला वाटी घासून पाणी बदला, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतील. कपाट भिंतीला टेकलेलं असेल तर वाट्यांचा काहीच उपयोग नाही.

सांदवाडीतली, म्हणजे घरामागच्या अंगणातली, जास्वंद किंवा लिंबूही बघा. पानांमागे मावा असला की त्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या झाडावर ठाण मांडतात, आणि कवेलूला टेकलेली फांदी त्यांचा पूल होते. फांदी छाटा, मावा पाण्याच्या जोरदार धारेने पाडा.

पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाले किडे आले तर एक उचलून बघा. कंबर बारीक आणि पुढचे पंख मोठे असतील तर मुंगी. कंबर जाड, चारही पंख सारखे आणि सकाळी उंबऱ्यात पंखांचा खच असेल तर ती उधई, म्हणजे वाळवी. तिच्यावर हे साखरपाणी चालत नाही. दाराची चौकट ठोकून बघा, आवाज पोकळ येतो का.