शिकारी पक्षी मोजायला निघालात? आधी रिकामे दिवस लिहायला शिका

"ताई, रॅप्टर मॉनिटरिंगमध्ये यायचंय, सुरुवात कुठून करू?" असे मेसेज मला दर महिन्याला दोन-तीन तरी येतात. विचारणारी मुलं कळवा, ऐरोली, नेरूळकडची. बहुतेकांचं एमएस्सी चालू असतं आणि बहुतेकांकडे माझ्यापेक्षा चांगली दुर्बीण असते. प्रत्येकाला तेच ते सांगून दमले, म्हणून एकदाच लिहून टाकते. शिक्रा आणि कापशी हे नेहमीचे शिकारी पक्षी तुम्हाला ओळखता येतात, पाहिलेल्या पक्ष्यांच्या नोंदी टाकायला ई-बर्ड हे अ‍ॅप वापरता, हे धरून चालते.

आधी गैरसमज काढते. मी कड्यावरून दोर सोडून गरुडाच्या घरट्यात उतरत नाही. ठाण्यातल्या वन-बीएचकेत लॅपटॉपसमोर बसते आणि वेगवेगळ्या देशांतून आलेल्या मोजण्या एका साच्यात बसवते. एकाने जोड्या मोजलेल्या असतात, दुसऱ्याने सुटे पक्षी, तिसऱ्याने फक्त पिल्लं उडालेली घरटी. जोड्यांना दोनने गुणलं की पक्षी मिळतात असं वाटत असेल तर थांबा. जोडी न जमलेले तरणे पक्षी त्यात कुठेच येत नाहीत, आणि काही जातींत ते बरेच असतात. तरी ही गडबड निस्तरता येते, ईमेल करून विचारता येतं. जी निस्तरता येत नाही, तिने माझे दोन हिवाळे खाल्ले.

तेव्हा मी दर रविवारी पहाटे ऐरोलीच्या बाजूला खाडीवर जायचे. डोक्यात एकच पक्षी, मोठा ठिपकेदार गरुड. रशिया, कझाकस्तानकडे वीण करतो, थंडीत आपल्या खाजणांवर येतो, जगभरात संकटग्रस्त. वहीत मी तो दिसला की लिहायचे: तारीख, वेळ, कुठल्या बाजूला, किती. नाही दिसला की चहा प्यायचा, घरी यायचं. पहिल्या हिवाळ्यात नऊ नोंदी झाल्या, दुसऱ्यात चार. मी अहवालात ठोकून दिलं की संख्या निम्म्याहून खाली आली.

ज्यांना तो अहवाल पाठवला त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "गेलीस किती वेळा?"

"जवळजवळ दर रविवारी, सर."

"जवळजवळ म्हणजे?"

मला सांगता येईना. दुसऱ्या वर्षी आईचं ऑपरेशन झालं होतं, मावसबहिणीचं लग्न होतं, दोन-तीनदा तर गजर बंद करून मी सरळ झोपले होते. फोनमधल्या फोटोंवरून तारखा जुळवायला बसले. अर्ध्या तासाने लक्षात आलं की फोटो फक्त गरुड दिसलेल्या दिवसांचेच आहेत. म्हणजे पुरावाही तेवढाच, वहीत होता तेवढाच. त्या रात्री मी रडले, हे सांगायला आता लाज वाटत नाही.

इथे मी जरा जास्तच बोलणार आहे, ऐकून घ्या. नऊ वेळा जाऊन नऊदा दिसणं आणि चोवीस वेळा जाऊन नऊदा दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अपूर्णांकासारखं समजा: वर पक्षी दिसल्याच्या वेळा, खाली तुम्ही गेल्याच्या वेळा. खालचा आकडा नसेल तर वरच्याला काडीची किंमत नाही. आणि 'गेले' एवढं लिहूनही भागत नाही. किती वाजता पोचलात, किती वाजता निघालात, कुठे उभे होतात, धुकं होतं का, भरती होती की ओहोटी. आपल्याकडे भरतीचा मुद्दा मोठा. पाणी चढलं की चिखलातले छोटे पक्षी उठून एका जागी गोळा होतात आणि त्यांच्या मागे शिकारीही येतात. एक हिवाळा भरतीला गेलात, दुसरा ओहोटीला, तर तुम्ही गरुड मोजत नाही, चंद्र मोजताय.

त्यातही शून्य आणि रिकामा रकाना यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शून्य म्हणजे मी गेले, नीट पाहिलं, दिसला नाही. रिकामा रकाना म्हणजे काहीच माहीत नाही. आज माझ्याकडे येणाऱ्या फाइलींत अर्धा वेळ हाच घोळ निस्तरण्यात जातो. कुणीतरी रिकामे रकाने दिसायला बरे नाहीत म्हणून एका दमात शून्याने भरून टाकतो, आणि अख्ख्या जिल्ह्यातून पक्षी 'नाहीसा' होतो. ईमेल केला तर उत्तर येतं, "त्या वर्षी तिकडे कुणी गेलंच नव्हतं."

दुसरी चूक याच चुकीची बहीण. घार काय लिहायची, सगळीकडेच असते, असं मला वाटायचं. ई-बर्ड शेवटी विचारतं की ओळखलेले सगळे पक्षी नोंदवलेत का, तिथे मी 'हो' करायचे. घारी सोडून! म्हणजे माझ्या यादीत घारी शून्य, असाच त्याचा अर्थ झाला. आपल्याकडची गिधाडं कशी जवळजवळ संपली ती गोष्ट तुम्हाला माहीत असेल, पण तिच्यातला हा भाग लोक विसरतात. १९९१ ते ९३ मध्ये काही जणांनी गाडीने ठरलेल्या रस्त्यांवरून जात शिकारी पक्षी मोजले होते. तेव्हा गिधाडं पैशाला पासरी होती, तरी ती मोजली आणि रस्तेही नोंदवून ठेवले. म्हणून २००० मध्ये गिधाडांचे अभ्यासक विभू प्रकाश आणि सहकाऱ्यांना तेच रस्ते पुन्हा फिरता आले. २००७ पर्यंत पांढऱ्या पाठीचं गिधाड १९९२ च्या मानाने ९९.९ टक्के घटल्याचं निघालं. त्याआधी २००४ मध्ये पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांवरून जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध हे कारण सापडलं होतं, आणि २००६ मध्ये भारत, पाकिस्तान, नेपाळने जनावरांसाठी ते बंद केलं. 'गिधाडं काय मोजायची' असं त्या लोकांना वाटलं असतं तर?

घारीचंही तसंच. आपल्या बारमाही घारींत थंडीला मध्य आशियाकडच्या घारी येऊन मिसळतात. फक्त जानेवारीत मोजून 'ठाण्यात घारी वाढल्या' म्हणणाऱ्याला मी चहाही पाजत नाही. पावसाळ्यातही मोजा, छत्री घेऊन.

आता टॅगबद्दल, म्हणजे पक्ष्याच्या अंगावर बसवायचं, तो कुठे आहे ते कळवणारं छोटं यंत्र. २०१३ मध्ये नागालँडमधल्या तीन अमूर ससाण्यांना उपग्रह टॅग लावले, ते अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत गेले, आणि तेव्हापासून प्रत्येकाला टॅगच लावायचा आहे. टॅगमुळे कळतं की तो पक्षी कुठे गेला. किती पक्षी आहेत, ते नाही कळत. त्यासाठी कुणीतरी डास मारत उभं राहावंच लागतं. जॉर्जियात बातुमीजवळ २००८ पासून दर शरद ऋतूत स्वयंसेवक डोंगरावर उभे राहून मोजतात, एका हंगामात दहा लाखांहून जास्त शिकारी पक्षी. अमेरिकेत हॉक माउंटनवर हे १९३४ पासून चालू आहे. तंत्र तेच: ठरलेली जागा, ठरलेली वेळ, वही.

मार्गदर्शकाबद्दल माझं मत एकांगी आहे, असू दे. ज्याच्या गळ्यात सगळ्यात लांब लेन्स असते त्याच्या मागे जाऊ नका. ज्याची वही फाटलेली असते त्याच्या मागे जा. दोन दिवसांच्या सर्टिफिकेट कोर्सना पैसे घालण्यापेक्षा आर ही आकडेवारी तपासायची संगणक-भाषा शिका, फुकट आहे. ओळखून देणारं अ‍ॅप वापरा, पण काळपट तरण्या गरुडावर त्याने छातीठोकपणे नाव सांगितलं तरी 'गरुड, जात अनिश्चित' लिहायला लाजू नका. असली नोंद मला देवासारखी वाटते. आणि घरट्याची जागा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलीत तर माझा नंबर डिलीट करा.

घाबरवलं का? तसं नाही. वर्षभर हजेरी नीट लावलेली एक वही असली की तुम्ही माझ्या तेव्हाच्या अवस्थेच्या कितीतरी पुढे आहात. इंग्रजी ईमेल मोडकेतोडके चालतात. समोरच्या कझाक माणसाचंही तसंच असतं. पगाराचं मात्र खरं सांगते, पहिली तीन-चार वर्षं प्रोजेक्टवर प्रोजेक्ट, मध्ये दोन महिने काहीच नाही. मी त्या काळात दहावीच्या शिकवण्या घेतल्या. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा, नंतर सांगण्यापेक्षा सोपं जातं.

या रविवारी गेले होते. ६.५० ते ९.२०, भरती चढती, हलकं धुकं. घारी एकतीस, ब्राह्मणी घारी चार, दलदली भोवत्या एक. मोठा ठिपकेदार गरुड शून्य. कुणाला पुढच्या वेळी बरोबर यायचं असेल तर पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, खाडीवरचे डास सकाळीही सोडत नाहीत.