अंगणात झाडाचा बुडखा आहे? आधी पहार आणा, मशीन नंतर

मी मूळची यवतमाळकडची. १९९६ साली मिस्टरांच्या बदलीपायी मुंबईत आले, आधी आठ वर्षं दहिसरला एका खोलीत काढली आणि मग बोरिवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या अंगाला हे रो हाऊस घेतलं, त्यामुळे आता गल्लीत कोणी नवीन आलं की पाणी किती वाजता येतं, माकडं आली तर काय करायचं, गॅसवाला कोण, हे सगळं विचारायला माझ्याकडेच येतात. या वर्षी तीन घरं बदलली आणि तिघांनीही एकच विचारलं, काकू, मागच्या मालकानं झाड कापलं पण बुडखा तसाच ठेवलाय, कोणाला बोलवू? एक लातूरचे, एक जळगावचे, एक अकोल्याचे. म्हणजे सगळी काळ्या मातीतली माणसं, आणि मी पण तशीच होते, म्हणूनच फसले. तर एकदाच सविस्तर लिहून टाकते.

आपल्याकडे बुडखा काढणं म्हणजे काय असतं, दोन गडी, एक टिकाव, एक कुऱ्हाड, सकाळी लागले की संध्याकाळपर्यंत मोकळं. फारच मोठं झाड असेल तर ट्रॅक्टरला साखळी. जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, पावसात फुगते, पण बुडख्यापुरतं कितीही खणा, खाली मातीच. इथे तसं नाही. इथे वर वीतभर-हातभर लाल माती, तीही बहुतेक वेळा बिल्डरनं आणून टाकलेली, मग मुरूम, आणि मग थेट काळा पत्थर. अंधेरीचा गिल्बर्ट हिल बघितला नसेल तर एकदा बघून या, वर गावदेवीचं मंदिर आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा तो साठ मीटरच्या आसपास उभा कडा, सगळे खांब खांब. आपण मुंबईत ज्याला जमीन म्हणतो त्याच्या खाली बऱ्याच ठिकाणी हीच लाव्हाची भावंडं झोपलेली आहेत. मालाडकडे तो पिवळसर दगड लागतो, फोर्टातल्या वस्तुसंग्रहालयाच्या भिंतीत आहे ना, तोच मालाड स्टोन. आणि सखल भागात, खाडीच्या बाजूला, दगड लागतच नाही, पण भरणी लागते, म्हणजे विटांचे तुकडे, काँक्रीट, सळ्या, मंगलोरी कौलं, जे काय राबिट टाकलं असेल ते. बुडख्याचा भुसा करणाऱ्या मशीनच्या दृष्टीनं भरणी खऱ्या दगडापेक्षा वाईट, कारण दगडाचा काही तरी अंदाज येतो, राबिटाचा कधीच येत नाही.

आता माझी गोष्ट. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ आलं तेव्हा आमचा गुलमोहर पडला. गुलमोहराची मुळं अशीही उथळच, त्यात खाली कातळ, मग ती खाली जाणार तरी कुठे, ताटासारखी आडवी पसरलेली. रस्त्यावर आलेला भाग कापून नेला, आत अडीच फूट रुंदीचा बुडखा राहिला. दोन पावसाळे तसाच ठेवला, त्याला वाळवी लागली, मग बाजूनं कुत्र्याच्या छत्र्या आल्या, नातू दोनदा अडखळून पडला, तेव्हा म्हटलं आता काढायचाच. कोणीतरी सांगितलं आता मशीन येतं, स्टम्प ग्राइंडर, तासाभरात भुसा करून देतं. फोनवर सगळं ठरलं, जागा बघायला कोणी आलंच नाही, थेट मशीन घेऊन पोरं आली, अॅडव्हान्स आधीच दिलेला. मशीन चालू केलं, पाचेक मिनिटं छान भुसा उडाला, आणि मग टण्ण. ठिणग्या. परत थोडं पुढे, परत टण्ण. एक सुपारीएवढा दगड उडून शेजारच्या भाभींच्या किचनच्या काचेतून आत. नशीब तेव्हा ओट्यापाशी कोणी नव्हतं. पंधरा मिनिटांत दात गेले म्हणून पोरांनी मशीन गुंडाळलं, दुसरे दात घेऊन उद्या येतो म्हणाले, तो उद्या अजून यायचाय. काच मी भरून दिली.

नेमकं काय झालं ते मला नंतर कळलं. या मशीनला एक जाड लोखंडी चाक असतं, त्याच्या कडेला दात बसवलेले, दातांच्या टोकाला टंगस्टन कार्बाइड. चाक जोरात फिरतं आणि ऑपरेटर ते बुडख्यावरून डावीउजवीकडे झाडू मारल्यासारखं हळूहळू नेतो, दर फेरीला थोडं थोडं लाकूड खरवडलं जातं. मशीन बुडखा उपटत नाही, चुरा करतं, एवढं डोक्यात ठेवा. कार्बाइड कडक असतं पण काचेसारखं ठिसूळ, लाकडात बराच काळ चालेल, दगडावर आपटलं की टवका उडतो. आणि वाईट म्हणजे दगड फक्त बाजूला नसतात, झाड वाढताना मूळ दगडाला कवेत घेतं आणि दगड लाकडाच्या आत जातो. वरून दिसत नाही काही.

दुसऱ्या वेळी जे काका आले त्यांनी मशीन आणलंच नाही. फक्त एक पहार घेऊन आले. आधी विचारलं गॅसची लाइन कुठून जाते, पाण्याची कुठून, लाइटची केबल कुठून. मला माहीत नव्हतं, म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींना बोलावून प्लान काढायला लावला, तोवर त्यांनी पहार जमिनीला लावली नाही. (हे फार महत्त्वाचं, पाइप गॅसची जमिनीखालची लाइन प्लॅस्टिकची असते, पहारीनं आरामात फुटेल. लाइन कुठून गेलीय हे नक्की माहीत नसेल तर गॅस कंपनीला कळवा, त्यांचा माणूस दाखवून गेला की मगच काम.) मग बुडख्याभोवती वीतभर अंतरानं पहार हलकेच सोडत गेले आणि कान देऊन ऐकत होते. धप् म्हणजे माती. ठक् म्हणजे मूळ. टण् म्हणजे दगड. जिथे टण् तिथे चुन्याची चिमूट. अर्ध्या तासात माझ्या अंगणात रांगोळी घातल्यासारखे पांढरे ठिपके, आणि ते ठिपके बघूनच त्यांनी सांगितलं की पूर्वेच्या बाजूला अखंड कातळ आहे, तिथे सहा इंचाच्या खाली जाणार नाही, बाकी तीन बाजूंनी फूटभर जाईल. असा माणूस शोधा. मशीन केवढं, कुठल्या कंपनीचं, हे नंतर बघा.

मग पहिला दिवस नुसता हाताचा. दोघांनी भोवती हात-सव्वा हात रुंद चर खणला, सुटे दगड वेचून घमेल्यात, चौदा घमेली निघाली मी मोजली. पेव्हर ब्लॉक किंवा कोब्याची गच्च कडा असेल तर ती ब्रेकरनं आधीच फोडून घ्यावी लागते. वरचं खोड करवतीनं जमिनीलगत उतरवलं. मग पाइप लावून बुडखा धुतला, अगदी म्हैस धुवावी तसा, सालीच्या बेचक्यात अडकलेली रेती निघेपर्यंत, कारण ती बारीक रेतीसुद्धा दात झिजवते. धुतल्यावर दोन मुळांच्या मध्ये लाकडानं गिळलेला एक काळा दगड दिसला, नारळाएवढा, आणि त्याच्या शेजारी कौलाचा तुकडा. काकांनी छिन्नीनं तो सोडवला. पहिल्या पोरांचं मशीन बहुतेक यावरच मेलं.

दुसऱ्या दिवशी मशीन, चारही बाजूंनी प्लायवूडचे तक्ते उभे करून. दोन तास लागले. दगडाळ जागेत चाक खोल दाबायचं नाही, पातळ पातळ घ्यायचं, आवाज बदलला की उचलायचं, बघायचं, दगड काढायचा, परत. म्हणजे अर्धा वेळ मशीन बंदच. जो सलग रेटतो तो तुमची काच पण फोडणार आणि स्वतःचे दात पण. ऑपरेटरला चष्मा, कानाला मफ, पायात बूट नसतील तर सरळ थांबवा, आणि पोरंबाळं घरात.

भाव ठरवताना मुंबईत लोक गोड बोलून गोलमोल ठेवतात, ते चालू देऊ नका. बुडख्याची रुंदी जमिनीला टेकते तिथे मोजायची, वर नाही, खाली तो फुगलेला असतो आणि भांडण तिथेच होतं. किती इंच खोल जाणार, दात तुटले तर खर्च कोणाचा, चर खणायची मजुरी धरून की वेगळी, चुरा आणि दगड कोण नेणार, हे चार प्रश्न मेसेजवर लिहून घ्या. सोसायटीच्या गेटची रुंदीपण मोजून कळवा, आमच्या बाजूची विकेट तीन फुटाची आहे, मोठं मशीन आत शिरतच नाही. जेसीबीचा विचार तर करूच नका, लातूरच्या भाऊंनी तोच धरला होता. जेसीबी बुडखा ओढतो तेव्हा आडवी मुळं पण येतात, आणि ती मुळं कंपाउंड वॉलच्या पायाखालून आणि ड्रेनेजच्या चेंबरखालून गेलेली असतात. मीठ, अॅसिड, जाळणं, यातलं काही करू नका. मीठ टाकून फक्त माती मरते, आणि बुडखा पेटवला तर तो मुळांतून दिवसेंदिवस धुमसतो. नुसते मजूर लावून हातानं फोडणं हा पर्याय मात्र वाईट नाही, बुडखा फूटभराचा असेल तर नाक्यावरचे दोन चांगले मजूर मशीनपेक्षा बरे. नारळाचा बुडखा तर मी हातानंच काढायला सांगेन, त्याला धड लाकूड नाही, नुसता काथ्या, तो चाकाला गुंडाळतो.

परवानगी. गावाकडून आलेल्यांना हे पचत नाही, माझ्या अंगणातलं झाड आणि मी विचारायचं? हो, विचारायचं. महाराष्ट्रात नागरी भागासाठी १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, खासगी आवारातलं झाडसुद्धा महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या मंजुरीशिवाय तोडता येत नाही, वाळलेलं आहे म्हणून पण नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्षात मोडतं. आधीच्या मालकानं झाड कापलं असेल तर त्याच्याकडून परवानगीची कॉपी मागून घ्या, नसेल तर बुडख्याला हात लावायच्या आधी वॉर्डाच्या उद्यान विभागात लेखी विचारा, बोरिवलीला आर-मध्य, मुलुंडला टी, असं. आणि बुडख्याला हिरवी पालवी फुटलेली असेल तर दुप्पट काळजी, कारण ते झाड मेलेलं नाही, आणि तक्रार करणारा शेजारी प्रत्येक सोसायटीत एक तरी असतोच. सोसायटीचं एनओसी वेगळं.

वेळ कुठली धरायची, तर ऑक्टोबर-नोव्हेंबर. पाऊस ओसरलेला, माती अजून ओलसर, चर पटकन निघतो. मे महिन्यात मुरूम लोखंड होतो, पावसात चरात पाणी भरतं आणि मशीन घसरतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीची पोरं असतात, तेव्हा हा आवाज केलात तर वर्षभर तुमच्याशी कोणी बोलणार नाही. दुपारी एक ते चार पण नको. आणि नॅशनल पार्कच्या कडेला राहत असाल तर जुन्या बुडख्याच्या पोकळीत आधी टॉर्च मारून बघा. आमच्यात विंचू निघाले, चौथ्या घरात धामण निघाली, तिच्यासाठी सर्पमित्राला बोलावलं, मारली नाही.

एका ठिकाणी मात्र मी बुडखा काढूच नका म्हणेन. तुमचं घर उतारावर असेल, भांडुप, घाटकोपर, विक्रोळी पार्कसाइट, मुलुंडच्या डोंगराच्या बाजूला, आणि बुडखा संरक्षक भिंतीच्या डोक्यावर किंवा पोटाशी असेल, तर तो खणू नका. दगडाळ उतारावरची थोडीशी माती त्या मुळांनीच धरलेली असते. १७-१८ जुलै २०२१ च्या रात्री चेंबूर आणि विक्रोळीत दरड आणि भिंत कोसळून माणसं गेली, ते इथल्या कोणाला विसरता येणार नाही. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, तोवर बुडख्यावर कुंडी ठेवा.

काम झाल्यावर जो चुरा निघतो तो बघून तुम्ही घाबराल, बुडख्याच्या कितीतरी पट दिसतो. पोरं तोच खड्ड्यात लोटून वर माती पसरून जातात, दिसायला छान, पण चुरा कुजतो तसा खड्डा बसत जातो आणि पुढच्या पावसाळ्यात तिथे डबकं. शिवाय लाकूड कुजताना मातीतलं नत्र खातं, त्यावर काही लावलं तर पानं पिवळी पडतात. म्हणून चुरा बाहेर काढा, दगड वेगळे करून पालापाचोळ्याबरोबर खताच्या खड्ड्यात घाला, वर्षभरानं चांगलं खत होतं. खड्ड्यात खाली मुरूम, वर लाल माती, आणि चार बोटं उंचवटा ठेवून सोडा. नवीन झाड त्याच जागी नको, तीन-चार फूट सरकवा, जिथे पहार धप् वाजली होती तिथे. मी कढीपत्ता लावलाय, मस्त चाललाय.

आणि शेवटचे पैसे द्यायच्या आधी, माणसं अजून हातपाय धूत असतानाच, त्यांचीच पहार मागून घ्या आणि खड्ड्यात चार ठिकाणी सोडून बघा. टण् आलं तर ठीक आहे, तो कातळ, त्याला कोणी काही करू शकत नाही. ठक् आलं तर मशीन परत चालू करायला सांगा.