मेंढी कधी फळली, हे गेरू सांगतो

मोठ्या कळपात कोणती मेंढी कधी फळली हे ध्यानात राहत नाही, मग कोकरं अवचित रानातच पडतात.

1. गेरू गोड्या तेलात घट्ट कालवून मेंढ्याच्या (नराच्या) छातीला, पुढच्या पायांच्या मधोमध चोपडा. दोन-तीन दिवसांनी पुन्हा लावा.
2. सकाळी वाडा सोडताना मेंढ्यांचे पुठ्ठे बघा. लाल डाग दिसला म्हणजे मेंढा तिच्यावर चढला, ती तारीख वहीत लिहा. तिथून साधारण 150 दिवसांनी ती विते.
3. 17 दिवसांनी गेरूऐवजी नीळ. लाल डागावर निळा चढला तर मेंढी उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली. बऱ्याच जणी उलटल्या तर आधी मेंढा तपासून घ्या.

काळ्या दख्खनी जातीच्या मेंढीवर गेरू नीट दिसत नाही, तिथे पांढऱ्या खडूची पूड वापरा. ऑइलपेंट मात्र कधीच नको, कातडी भाजते आणि लोकरही वाया जाते.